दगडाआडची उसंत : 'हेलो' मालिकेची तुलना करण्यापूर्वी

'हेलो' मालिकेतल्या गेम्सची तुलना करायला बसलं की पाच मिनिटांत गाडी क्रमवारीवर येते. 'हेलो ३' पहिला, 'रीच' दुसरा, 'हेलो ५' शेवटचा. मग कोणीतरी 'ओडीएसटी'ची बाजू घेतं आणि वाद पेटतो. हा वाद मलाही आवडतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. ग्राफिक्सला इतके गुण, कथेला इतके, संगीताला इतके अशी गुणपत्रिका मांडली की २००१चा गेम आणि २०२१चा गेम एकाच परीक्षेला बसवावे लागतात. मधल्या वीस वर्षांत यंत्रं बदलली, पडदे बदलले, खेळणारे वयाने वाढले, आणि गेम बनवणारी मंडळीसुद्धा बदलली. मग तुलना करायची ती कशाची? या पुस्तकात मी एकच प्रश्न धरून चाललो आहे : अंगावरचं कवच संपलं की खेळणारा काय करतो?

ज्यांनी 'हेलो' कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ सव्विसावं शतक. आपण मास्टर चीफ नावाचा हिरव्या चिलखतातला सैनिक असतो. समोर कव्हनंट ही परग्रहवासी जमातींची धर्मवेडी युती, आणि पायाखाली अंतराळात तरंगणारं एक प्रचंड कडं, म्हणजे हेलो. चिलखताभोवती ऊर्जेचं अदृश्य कवच असतं, त्याला सगळे शील्डच म्हणतात. गोळ्या लागल्या की शील्ड उतरत जातं, उतरलं की कानात टीं-टीं-टीं असा इशारा सुरू होतो. काही सेकंद एकही मार न खाता काढता आले तर चढत्या सुरात गुणगुणत ते पुन्हा भरतं. पहिल्या गेममध्ये या शील्डच्या खाली प्रकृतीची वेगळी पट्टी होती, आणि ती आपोआप भरत नसे. त्यासाठी इकडेतिकडे पडलेल्या औषधपेट्या शोधाव्या लागत.

ते काही सेकंद म्हणजे या मालिकेचा प्राण, असं माझं म्हणणं आहे. त्यांना मी उसंत म्हणतो.

ही उसंत एकाएकी सुचलेली नाही. अॅलेक्स सेरोपियन आणि जेसन जोन्स यांनी १९९१मध्ये शिकागोत 'बंजी' सुरू केली आणि १९९४मध्ये मॅकिन्टॉशसाठी 'मॅरेथॉन' हा शूटर काढला. त्यातही शील्ड होतं, पण ते भरायची यंत्रं भिंतींवर बसवलेली. जीव वाचवायचा तर लढाई सोडून त्या भिंतीपर्यंत पोचायचं. पुढे जुलै १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये खुद्द स्टीव्ह जॉब्सने 'हेलो' जाहीर केला तेव्हा तो मॅकवर येणार होता आणि त्यात नायक पाठीमागून दिसत होता. त्याच्याही आधी तर तो वरून फौजा हलवायचा डावपेचांचा खेळ होता. २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली, खेळ प्रथमपुरुषी नजरेत आला, आणि नोव्हेंबर २००१मध्ये एक्सबॉक्स या नव्या कोऱ्या कन्सोलसोबत 'हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' बाजारात उतरला. एवढ्या उलथापालथीत 'मॅरेथॉन'च्या भिंतीवरचं यंत्र चिलखतात शिरलं होतं. आता भिंतीपर्यंत जायची गरज नव्हती, कुठलाही दगड चालत होता.

पहिल्या गेममधली 'द सायलेंट कार्टोग्राफर' ही मोहीम घ्या. लख्ख उन्हात एका बेटाच्या किनाऱ्यावर पेलिकन विमान तुम्हाला उतरवतं. वाळूत ग्रंट म्हणजे बुटके, बडबडे, भित्रे शिपाई, आणि त्यांच्यामागे उंच, चिलखती एलिट. तुम्ही एलिटवर गोळ्या झाडता, त्याचं शील्ड निळसर चमकतं, आणि ते उतरत आलं की तो दगडाआड सरकतो. कारण त्याचंही शील्ड भरणारं आहे. इकडे तुमचाही इशारा वाजतो आणि तुम्हीही दगडाआड जाता. आता दोघंही आपापल्या दगडामागे, आणि दोघांनाही ठाऊक आहे की समोरचा भरतोय. थांबायचं की घुसायचं? शील्ड अर्धं असताना घुसलात तर तो बंदुकीच्या दस्त्याने एका फटक्यात आडवा करू शकतो. थांबलात तर तुमची सगळी मेहनत फुकट, तो ताजातवाना होऊन परत येणार. मग तिसरा मार्ग : त्याच्या दगडामागे ग्रेनेड टाकायचा. तो जीव घेऊन बाहेर उडी मारतो, आणि त्या उडीत तुम्हाला सापडतो. तो पडला की ग्रंट हात वर करून किंचाळत पळतात.

या प्रसंगात तुमच्या हातांनी तीनच कामं केली : गोळी, ग्रेनेड, फटका. तिघांना तीन वेगळी बटणं, म्हणजे बंदूक खाली न ठेवता ग्रेनेड फेकता येतो. आणि जवळ बंदुका दोनच, त्यामुळे कोणती ठेवायची हा हिशेब सतत डोक्यात. कव्हनंटच्या बंदुकांतला प्लाझ्मा शील्ड लवकर उतरवतो, गोळी देहावर चांगली लागते. यातली एखादी गोष्ट याआधी कुठल्या ना कुठल्या खेळात होतीच. पण त्या सगळ्यांना उसंतीच्या खुंट्याला बांधलं ते इथे.

बंजीचा डिझायनर जेमी ग्रीझमर याच्या नावावर 'तीस सेकंदांची मजा' हा शब्दप्रयोग खपतो : तीस सेकंद मजेचे बनवा आणि तेच पुन्हा पुन्हा द्या. त्याचं म्हणणं इतकं सोपं नव्हतं. जागा बदला, शत्रू बदला, हातातलं हत्यार बदला, मग तेच तीस सेकंद नवे होतात, असा त्याचा रोख होता. हा माणूस किती बारीक पाहायचा याचा नमुना म्हणजे २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं त्याचं व्याख्यान. 'हेलो ३'मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदावरून ०.७ सेकंद का केलं, एवढ्या एकाच विषयावर ते होतं. सेकंदाचा पाचवा हिस्सा! बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण लांबून नेम धरणारा जितक्या चटकन दुसरी गोळी झाडेल, तितकी समोरच्याला आडोशाला पोचायची संधी कमी. तो पाचवा हिस्सा म्हणजे कोणाची तरी उसंत होती.

हाच प्रश्न हातात घेऊन पहिल्या गेमचा बदनाम भाग पाहिला की त्याचं दुखणंही कळतं. 'द लायब्ररी' या मोहिमेला गेली वीस-पंचवीस वर्षं लोक शिव्या घालत आलेत. कारण सांगतात ते असं, की मजल्यामागून मजले सारखेच दिसतात. ते खरंच आहे, पण सारखेपणा या गेममध्ये इतरत्रही भरपूर आहे. 'टू बिट्रेयल्स' ही मोहीम तर 'असॉल्ट ऑन द कंट्रोल रूम' उलट्या दिशेने चालण्याचाच प्रकार आहे, तरी ती खेळताना तितका वैताग येत नाही. 'लायब्ररी'त समोर असतो फ्लड नावाचा परजीवी. त्याला शील्ड नाही, भीती नाही, आडोसा माहीत नाही; तो नुसता अंगावर येत राहतो. दगडामागे कोणी थांबत नाही, म्हणून तुमच्या थांबण्यालाही अर्थ उरत नाही. खेळातून संभाषण निघून जातं आणि राहते ती झाडलोट.

'हेलो २' नोव्हेंबर २००४मध्ये आला. अमेरिकेत पहिल्याच दिवशी साडेबारा कोटी डॉलरची विक्री झाली, आणि त्यानंतर या मालिकेत कोणालाच शांतपणे काम करता आलं नाही. २००३च्या ई-थ्री प्रदर्शनात दाखवलेला पृथ्वीवरच्या शहराचा तुकडा अंतिम गेममध्ये नव्हताच. त्यासाठी बांधलेली प्रकाशव्यवस्था एक्सबॉक्सला झेपेना म्हणून टाकून द्यावी लागली. बंजीच्या लोकांनी रात्रीचा दिवस केला, तरी कथा ऐन मोक्याच्या क्षणी तुटली. तो शेवट पाहून खेळणारे किती चिडले हे पुढे सविस्तर येईलच. माझ्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं एवढं की प्रकृतीची पट्टी पडद्यावरून गेली आणि औषधपेट्याही गेल्या. आता उसंतच सगळं काही. एक वाईट दिवस मागे ओढत नेण्याची भानगड संपली. प्रत्येक चकमक कोऱ्या पाटीवर सुरू होऊ लागली. खेळ वेगवान झाला, आणि थोडा विसराळूही.

त्यात दोन्ही हातांत दोन बंदुका घ्यायची सोय आली. दिसायला झकास! पण दोन्ही हात भरले की ग्रेनेड फेकता येत नाही. पहिल्या गेमने जुळवलेल्या तिघांतला एक असा गळाला. शत्रूंमध्ये ब्रूट आले, त्यांना शील्ड नव्हतं. ते मार खात खात उभे राहत आणि मग चवताळून धावून येत. 'लेजंडरी' या सर्वांत अवघड पातळीवर तर लांबचे जॅकल स्नायपर एका गोळीत संपवतात, तेव्हा उसंतीचा प्रश्नच येत नाही. तरीही आर्बिटर नावाच्या एलिटच्या रूपाने शत्रूच्या चिलखतात शिरून त्यांच्या बाजूने लढायला लावणं हे धाडस मला अजून मोठं वाटतं. पुष्कळांना ते तेव्हा रुचलं नाही. मास्टर चीफसाठी पैसे मोजले, हा कोण उपटसुंभ, असा सूर होता.

सप्टेंबर २००७च्या 'हेलो ३'ने एक साधी, हुशार गोष्ट केली : उसंत जमिनीवर ठेवता येऊ लागली. बुडबुड्यासारखी ढाल टाकली की उघड्या मैदानात आडोसा तयार. रिजनरेटर टाकला की त्याच्या हिरव्या वर्तुळात उभं राहून शील्ड भरत राहायचं. पण ही साधनं एकदा टाकली की टाकली, शत्रूही त्यांचा फायदा घेऊ शकतो, आणि शत्रूकडेही तीच असतात. ब्रूटांना फुटणारं चिलखत दिलं, म्हणजे त्यांच्याशीही पुन्हा बोलता येऊ लागलं. मालिकेतला सर्वांत समतोल गेम हाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सर्वांत आवडता मात्र तो नाही.

तो मान 'ओडीएसटी'चा. २००९चा हा गेम आधी छोटी पुरवणी म्हणून आखला होता, मग वाढत वाढत पूर्ण किमतीला विकला गेला, आणि त्यावरून तेव्हा बरीच कुरकुरही झाली. यात मास्टर चीफ नाही. आपण एक साधा सैनिक, ज्याला 'रुकी' एवढंच नाव आहे. केनियातल्या न्यू मोंबासा शहरावर तो आकाशातून पडतो आणि सहा तासांनी शुद्धीवर येतो. रात्र, पाऊस, ओस रस्ते, पार्श्वभूमीला सॅक्सोफोन. साथीदार कुठे गेले हे शोधत भटकायचं, आणि मिळालेल्या प्रत्येक वस्तूमागे एकेकाची कहाणी उलगडते. शहर सांभाळणारी संगणकीय व्यवस्था रस्त्यावरच्या पाट्या पेटवून आपल्याला वाट दाखवत राहते. आणि या शिपायाच्या अंगावर शील्ड नाही. दमसास तेवढा थोड्या विश्रांतीने परत येतो. त्याखालची प्रकृती भरायची तर रस्त्याकडेच्या भिंतीवरचं औषधांचं यंत्र शोधायचं. 'मॅरेथॉन'ची भिंत पंधरा वर्षांनी परत आली! पण परिणाम वेगळाच. दोन चौक ओलांडल्यावर औषध आहे हे ठाऊक असतं, मधल्या चौकात ब्रूटांची टोळी गस्त घालत असते, आणि आपण कोपऱ्यावर पावसात उभे राहून विचार करतो की लढायचंच कशाला. 'हेलो'मध्ये लढाई टाळावीशी वाटणं, ही एवढी एकच भावना या छोट्या गेमला बाकीच्यांपासून वेगळं काढायला पुरेशी आहे.

'रीच', सप्टेंबर २०१०, हा बंजीचा निरोपाचा 'हेलो'. रीच ग्रह पडणार हे पहिल्या गेमपासून ठाऊक आहे, कारण तिथून निसटलेल्या जहाजावरच तो सुरू होतो. औषधपेट्या इथे परत आल्या, म्हणून जखमा पुन्हा साचू लागल्या. चिलखताच्या खास करामती आल्या : धावणं, ढालीचा घुमट, आणि जागच्या जागी गोठून काही क्षण अभेद्य होणं. मल्टिप्लेअरमध्ये या शेवटच्या करामतीने लोकांच्या डोक्याला ताप केला, कारण शत्रूपासून लपायची गरजच संपली. त्याच्या तोंडावर गोठून बसा. पण मोहिमेचा शेवटचा प्रसंग या मालिकेने उसंतीबद्दल केलेलं सर्वांत धीट विधान आहे. उद्दिष्ट म्हणून पडद्यावर एवढंच सांगितलं जातं की तग धरा. बाहेर जायचा रस्ता नाही. शील्ड भरतं, उतरतं, पुन्हा भरतं, काचेला तडे जातात, शत्रू येत राहतात. जी उसंत नऊ वर्षं जिंकण्यासाठी वापरली ती इथे फक्त उशीर करण्यासाठी उरते.

बंजी २००७मध्येच मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली होती. 'रीच'नंतर मालिका '३४३ इंडस्ट्रीज' या मायक्रोसॉफ्टच्याच स्टुडिओकडे गेली. नव्यांना जुन्यांचं जमलं नाही, असं एका वाक्यात उडवून लावायची पद्धत आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. 'हेलो ४' (२०१२) कॉर्टाना या संगणकीय सोबतिणीचं ढासळत जाणं ज्या हळुवारपणे दाखवतो, ते बंजीने कधी केलं नव्हतं. बिघडलं ते दगडाआड. प्रोमिथियन नाइट हा नवा शत्रू जखमी झाला की अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकटतो. त्याच्या डोक्यावर घिरट्या घालणारा वॉचर तुमचा ग्रेनेड हवेत झेलून तुमच्याकडेच परत फेकतो, वर मेलेल्या नाइटला उठवतो. म्हणजे उसंत शत्रूला आहे आणि ती मोडायची तुमची दोन्ही साधनं निकामी. आधी वॉचर पाडा, मग नाइट, हा एकच क्रम उरतो. कागदावर हे शत्रू जास्त चलाख आहेत, खेळताना मात्र किनाऱ्यावरचा तो एलिट जास्त शहाणा वाटतो.

'हेलो ५' (२०१५) हा तर विरोधाभासांचा गठ्ठा. पळणं सगळ्यांना कायम उपलब्ध, पण पळत असताना शील्ड भरत नाही. जीव घेऊन पळायचं की थांबून भरायचं, यातलं एक निवडा. मल्टिप्लेअरमध्ये हा नियम सुरेख चालतो. मोहिमेत मात्र चौघांचं पथक असतं, तुम्ही कोसळलात की साथीदार येऊन उठवतो, आणि उसंतीची जागा वाट पाहण्याने घेतली जाते. पंधरा मोहिमांपैकी मास्टर चीफ अवघ्या तीनमध्ये. शिवाय एकाच टीव्हीवर पडदा विभागून दोघांनी खेळायची, पहिल्या दिवसापासूनची सोय काढून टाकली. सोफ्यावर शेजारी बसलेल्या दोस्ताला उठवून लावणारा हा पहिला 'हेलो', आणि हे मी विसरायला तयार नाही.

'हेलो इन्फिनिट' २०२०च्या नोव्हेंबरात यायचा होता. जुलैमध्ये दाखवलेल्या झलकीवर, विशेषतः त्यातल्या एका निर्विकार चेहऱ्याच्या ब्रूटवर इतकं हसं झालं की तो वर्षभर पुढे गेला आणि डिसेंबर २०२१मध्ये मोहिमेसह पुरा झाला. त्याचा सगळा जीव एका आकड्यात आहे. हा आकडा दोरीने फेकायचा, कड्यावर रोवायचा, शत्रूच्या छातीत रोवायचा, लांब पडलेली बंदूक ओढून घ्यायची. शील्ड संपलं की लपायचं कशाला, आकडा टाकून निघून जा, किंवा सरळ त्याच्यावर झेपावून फटका मारा. वीस वर्षांत पहिल्यांदा उसंत ही जागा न राहता हालचाल झाली. मोकळ्या डोंगराळ भागात हे धुंद करणारं आहे. बंद, षट्कोनी बोगद्यांत, जिथे कथेचे महत्त्वाचे प्रसंग घडतात, तिथे तो आकडा टांगायला छत तेवढं उरतं.

मल्टिप्लेअरवर या पुस्तकात एकच प्रकरण आहे, कारण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय. 'हेलो २'ने एक्सबॉक्स लाइव्हवर अनोळखी लोकांच्या जोड्या आपोआप जुळवायची जी रीत घालून दिली, ती पुढे सगळ्यांनी उचलली. एप्रिल २०१०मध्ये मूळ एक्सबॉक्सची ती सेवा बंद झाली, तेव्हा काही जणांनी कन्सोल बंदच केले नाहीत. जोडणी तुटत नाही तोवर ते मेपर्यंत खेळत राहिले. या वेडाला माझा सलाम, पण त्याची तुलना कशाशी करणार?

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात एक्सबॉक्स ३६० अधिकृतपणे २००६मध्ये आला, आणि कन्सोल घरात असणं ही पुढेही चैनच होती. त्यामुळे इथल्या अनेकांचा 'हेलो' हा २००३मध्ये निघालेला पीसीचा 'हेलो', किंवा त्याचा फुकट मिळणारा नमुना, ज्यात 'सायलेंट कार्टोग्राफर' आणि 'ब्लड गल्च' एवढंच होतं. माउसने नेम अचूक बसतो, पहिल्या गेमचं आधीच जबर असलेलं पिस्तूल राक्षसी होतं, आणि एलिटला दगडापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. कंट्रोलरच्या काडीने खेळणाऱ्या अमेरिकन पोराची आठवण आणि आपली आठवण म्हणूनच जुळत नाही. पुढच्या प्रकरणांतली निरीक्षणं मी कंट्रोलर हातात घेऊन केली आहेत, आणि अवघडपणाची पातळी सगळीकडे 'हिरोइक' ठेवली आहे. त्याखाली शील्ड क्वचितच संपतं, त्यावर ते असून नसल्यासारखं.

'हेलो वॉर्स'चे दोन्ही भाग बाजूला ठेवले आहेत, ते शूटर नाहीत. कादंबऱ्या आणि टीव्ही मालिकाही सोडल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेला 'कॅम्पेन इव्हॉल्व्ह्ड', म्हणजे पहिल्या मोहिमेची नव्या इंजिनवरची आवृत्ती, या तुलनेत धरलेली नाही. '३४३'ने आता 'हेलो स्टुडिओज' हे नाव घेतलं आहे, आणि त्यांचा हा 'हेलो' प्लेस्टेशनवरही यायचा आहे, ही जुन्या भक्तांना पचायला जड गोष्ट. त्याहून मोठा वाद पेटला तो त्यात पळण्याची सोय घातल्यावरून. ज्यांना नको त्यांना ती बंद करता येते. पण किनारा, दगड आणि एलिट यांमधली अंतरं चालणाऱ्या माणसाच्या मापाने बेतलेली होती, तेव्हा वाद पोरकट नाही.

ज्यांना वाचण्याआधी खेळायचं आहे त्यांनी कथेच्या क्रमाने जाऊ नये. 'रीच' आधी खेळलात तर त्याचा शेवट काय हिरावून घेतो हे कळायचंच नाही. 'मास्टर चीफ कलेक्शन'मध्ये 'रीच' ते 'हेलो ४' सगळे एकत्र मिळतात. 'हेलो ५'साठी मात्र एक्सबॉक्सच लागेल. सुरुवात 'कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड'ने करा, 'हिरोइक'वर, आणि बटण दाबून जुनी ग्राफिक्स लावा. किनाऱ्यावरची लढाई दोनतीनदा हरा, घाई करू नका. एक्सबॉक्सवर खेळत असाल तर 'लायब्ररी' येईल तेव्हा कोणाला तरी हाक मारून दुसरा कंट्रोलर हातात द्या. फ्लड काही थांबायचा नाही, पण मधल्या दारांशी निदान गप्पा होतील.